लॉकडाउनमध्ये दोन खोल्यांच्या घरात चळवळ्या मुलाला कसं सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की साडेपाच वर्षांचा मुलगा दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतो, हातात येईल ते फेकतो, रात्री अकराशिवाय झोपत नाही आणि खालच्या मजल्यावरून तक्रारी येतात. वाचताना मला आमचा २०२० चा एप्रिल जसाच्या तसा आठवला. आम्ही सहकारनगरला राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा, सासूबाई, मी आणि मुलगा. तो तेव्हा सहा वर्षांचा होता.

२५ मार्च २०२० पासून २१ दिवस घरात थांबायचं, एवढंच तेव्हा कळलं होतं. पहिले चार-पाच दिवस सुट्टीसारखे गेले. मग मी कोणीतरी पाठवलेलं तासातासाचं वेळापत्रक भिंतीला लावलं: नऊ ते दहा चित्रकला, दहा ते अकरा गोष्ट. तीन दिवसांत ते बारगळलं. मुलगा दहा मिनिटांत चित्र उरकायचा आणि उरलेली पन्नास मिनिटं घर डोक्यावर घ्यायचा. एकदा त्याने रिमोट भिंतीवर भिरकावला आणि मी त्याला फटका मारला. तो कॉटखाली जाऊन बसला आणि आतून म्हणाला, "मला शाळेत सोड. मी तिथेच झोपेन." त्या रात्री मला झोप लागली नाही. तोपर्यंत मी त्याला खोडकर समजत होते. शाळेचं मैदान, मधली सुट्टी, संध्याकाळी पार्किंगमधली पकडापकडी हे सगळं एकदम बंद झालं होतं, मग त्याच्या अंगातली रग कुठे जाणार होती? पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज निदान ६० मिनिटं चांगली दमछाक लागते, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमच्या मुलाची दहा मिनिटंही होत नव्हती.

म्हणून रमवणं सोडून मी त्याला दमवायला लागले. त्यातही कामानेच तो खरा दमला. खेळणी त्याला पुरत नव्हती, पण कणीक तिंबायला दिली की दोन्ही मुठींनी जोर लावून वीस मिनिटं तिथेच. दाण्याचं कूट मिक्सरऐवजी खलबत्त्यात. खाली जाड घडी घातली की आवाज होत नाही. अर्धी भरलेली बादली बाथरूममधून गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत न सांडता न्यायची. तांदळाची पाच किलोची पिशवी या खोलीतून त्या खोलीत ओढत न्यायची. जड उचललं, ढकललं, ओढलं की तो कसा शांत व्हायचा, हे तुम्ही एकदा करून बघाच. मे महिन्यात सासूबाईंनी साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. गच्चीला कुलूप होतं, म्हणून गॅलरीतच प्लास्टिक अंथरलं आणि कबुतरं हाकलायचं काम त्याच्याकडे दिलं. सकाळचे दोन तास त्याने ती राखण मनापासून केली. दिवाळी नसताना किल्लाही केला. जुन्या कुंड्यांची माती, दोन विटा, वर पेरलेली मोहरी. गॅलरी चिखलाने माखायची. माखू दे, असं मी ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळी सातची. नवरा औषधांच्या घाऊक दुकानात कामाला, त्यामुळे त्याला रोज जावंच लागायचं. सासूबाईंना मधुमेह, म्हणून संसर्गाची भीती. नवरा आला की मुलगा धावत सुटायचा आणि आम्ही दोघं ओरडायचो, "लांब!" रोज रडारड. शेवटी मुलालाच काम दिलं. बाबा बेल वाजवणार, याने दार उघडून दोन फरशा मागे, खडूच्या रेघेमागे उभं राहायचं. बाथरूमचं दार आधीच उघडं, साबण-टॉवेल जागेवर, बाबांचा हात कशालाही लागता कामा नये. "बाबा, पिशवी तिथे नाही, इथे!" असं तो हुकूम सोडायचा. अंघोळ झाली की मिठी. त्या दिवसापासून सातची रडारड थांबली. ज्या नियमाने त्याला अडवलं होतं, तो आता त्याच्या ताब्यात आला होता.

खालच्या मजल्याचं सांगते. आमच्या खाली एक काका-काकू राहतात, दोघंही सत्तरीचे. त्यांचा वैतागून फोन आला तेव्हा मी आधी चिडले, मग त्यांनाच विचारलं की तुमच्या झोपेची वेळ कोणती. दुपारी एक ते चार. बस. त्या वेळेत आमच्याकडे गोष्टी, पाण्यात भिजवलेली मटकी निवडणं, आजीजवळ लोळणं. आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच जमिनीवर दोन गाद्या अंथरून उड्या. पुढे काका गॅलरीतून वर तोंड करून विचारायला लागले, "आज किती झाल्या रे?" त्यांना आकडा सांगायचा म्हणून हा शंभरापर्यंत मोजायला शिकला.

मोबाइलबद्दल: आम्हीही दिला, आणि चार-चार तास दिला. ज्या दिवशी जास्त, त्या रात्री झोप नाही, हे आठवड्याभरात दिसलं. मग जेवताना आणि अंधार पडल्यावर बंद. शाळेचे ऑनलाइन वर्ग सुरू झाल्यावर मी बाईंना सांगितलं की हा उभा राहून ऐकेल, त्यांनी हरकत घेतली नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या सूचनांतही पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, असंच होतं. तुमच्या मुलाचा बालवाडीचा वर्ग तासभर चालत असेल तर बिनदिक्कत मध्येच उठू द्या.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. आमचा मुलगा त्या एप्रिलमध्ये पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, घाबरलाय, रागावू नका, आणि त्याच्यासमोर रुग्णांचे आकडे लावून बसू नका. आम्ही जेवताना बातम्या लावायचो, त्या बंद केल्या. तीन आठवड्यांत थांबलं. तुमच्याकडे झोप, जेवण असंच बिघडलेलं राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना फोन करा, उगाच वाट बघू नका.

घरात अडकून राहून तुम्हीही थकलेल्या असाल. सगळं एकदम करू नका. आज फक्त खालच्या मजल्यावर फोन करा आणि ते दुपारी कधी झोपतात ते विचारा. संध्याकाळी गाद्या अंथरा.