कर्ज फेडण्याइतके पैसे येतात, तरी फेडायला मन धजत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की पाच ठिकाणची देणी आहेत, महिन्याला थोडेफार पैसे उरतात, तरी स्टेटमेंटचा मेसेज आला की तो न वाचताच पुसून टाकता. हा आळस आहे का, असं विचारलंय. माझ्या मते नाही. मी हिशेबाच्या कामात आहे, त्यामुळे ओळखीचे लोक आपल्या देण्यांचे कागद माझ्याकडे घेऊन येतात. कचेरीत दुसऱ्यांचा पै-पैचा हिशेब चोख ठेवणारी माणसंही स्वतःचं स्टेटमेंट उघडत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय. कार्लसन, लोवेनस्टीन आणि सेपी या अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की बाजार पडायला लागला की गुंतवणूकदार आपली खाती उघडून पाहणंच कमी करतात. तोटा त्यांना ठाऊकच असतो, फक्त तो डोळ्यांसमोर नको असतो. तुमचंही तेच चाललंय.

म्हणून पहिली गोष्ट, बघण्याचा दिवस आणि ठरवण्याचा दिवस वेगळा ठेवा. एका बैठकीत कागदावर एवढंच उतरवा: कोणाचे, बाकी किती, वर्षाचा व्याजदर किती, महिन्याला कमीत कमी किती भरावे लागतात. त्या दिवशी एकही निर्णय घ्यायचा नाही, कोणाला फोन करायचा नाही, स्वतःला बोल लावायचे नाहीत. एकट्याने जमत नसेल तर विश्वासातलं कोणीतरी शेजारी बसवा, त्यांनी काही बोललं नाही तरी चालेल. एकूण आकडा अंदाजापेक्षा जास्तही निघू शकतो. निघू दे. नुसत्या धास्तीचे हप्ते पाडता येत नाहीत, आकड्याचे पाडता येतात.

आता मुख्य अडचणीकडे येतो. मनाला रकमेपेक्षा देण्यांची संख्या जास्त छळते. सिंगापूरमध्ये एका सेवाभावी संस्थेने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची जुनी थकबाकी भरून टाकली, आणि तिथल्या संशोधकांनी त्या लोकांच्या आधीच्या आणि नंतरच्या मनःस्थितीची तुलना करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. मदतीची रक्कम सारखी असली, तरी ज्यांची जास्त खाती पूर्ण मिटली त्यांची चिंता जास्त उतरली, आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत त्यांच्या चुकाही जास्त कमी झाल्या. म्हणजे प्रत्येक उघडं खातं डोक्यात थोडी जागा अडवून बसतं: त्याची तारीख, त्याचा दंड, त्याचा तो फोन.

यावरून वाटेल की सगळ्यात लहान देणं आधी मिटवावं. बरेच सल्लागार तेच सांगतात. पण इथे मन आपल्याला महागातही पाडतं. आमार, एरियली आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की मोठ्या कर्जावर जास्त व्याज चालू असतानाही लोक लहान खाती बंद करत सुटतात आणि एकूण व्याज जास्त भरतात. खाती कमी झाल्याचं समाधान मिळतं, पण मोठं कर्ज मागे फुगत राहतं.

माझं मत मधलं आहे. पाचांपैकी जी एक-दोन देणी दोन-तीन महिन्यांत संपण्याइतकी लहान असतील ती संपवा, व्याजाचा विचार न करता. डोकं मोकळं व्हायची ती किंमत समजा. त्यानंतर मात्र भावना बाजूला ठेवून सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज धरायचं, बाकीच्यांना किमान हप्ता. बहुधा ते क्रेडिट कार्डच निघेल.

कार्डाच्या बिलावरची ‘किमान देय रक्कम’ हीसुद्धा मनाला पडलेली गाठच आहे. मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांच्या २००९ च्या प्रयोगात, बिलावर तो आकडा छापलेला दिसला की बिलाचा काही भागच भरणाऱ्यांनी आणखी कमी रक्कम भरायचं ठरवलं. समजा व्याज महिन्याला ३ टक्के आहे आणि किमान रक्कम एकूण थकबाकीच्या ५ टक्के. १०० देणं असेल तर भरलेल्या ५ मधले ३ व्याजात जातात आणि मुद्दल घटते फक्त २ ने. तेव्हा तुमची रक्कम तुम्ही आधीच ठरवा, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप जाईल अशी सोय करा, आणि मग बिलावरचा तो आकडा कितीही लहान दिसो, तिकडे लक्ष देऊ नका.

बचतीचंही असंच. एकीकडे ठेव, दुसरीकडे कार्डाची थकबाकी, असं असणारे लोक कमी नाहीत. ग्रॉस आणि सूलेलेस या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये या कोड्यावर लिहिलंय. ठेवीवर समजा ७ टक्के मिळतात आणि कार्डाला वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर जातात. तरी ठेव मोडवत नाही, कारण ती आपली कमाई वाटते आणि कर्ज परक्याचं. एखाद-दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा (नाहीतर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येईल), उरलेलं कार्डात घाला. यावर लोक माझ्याशी भांडतात, पण माझं मत अजून बदललेलं नाही.

नातेवाईकाकडून घेतलेल्या उसन्या पैशांवर व्याज नसतं, लाज असते. तिथे पैशांआधी शब्द द्या: अमुक महिन्यापासून इतके देईन. गप्प राहण्याने संबंध जास्त बिघडतात.

एखादा महिना चुकेल. चुकला की ‘आता गेलंच सगळं’ म्हणून उरलेले पैसेही उडवायची ऊर्मी येते, तेवढी ओळखून ठेवा. पुढचा हप्ता ठरल्या तारखेला जाऊ द्या, मागचं भरून काढायला दुप्पट भरायचा निश्चय करू नका.

हे सगळं हप्त्यांपुरते पैसे उरतात असं धरून लिहिलंय. कागदावर पाचही किमान हप्त्यांची बेरीज उरणाऱ्या पैशांपेक्षा जास्त आली, तर प्रश्न मनाचा नाही, गणिताचा आहे. मग हप्ता थकण्याआधीच ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्याशी बोलून मुदत वाढवून मागा. थकल्यावर तुमचं म्हणणं ऐकून घेण्याची त्यांची तयारी कमी होते. आणि काळजीने झोप उडाली असेल किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर कागद राहू दे, आधी डॉक्टरांना गाठा.

यादी झाली की नावं गाळून फक्त बाकी आणि व्याजदर इथे खाली लिहा. कोणतं आधी भरायचं ते बघून सांगतो.