वाचकांचे प्रश्न : उपवासकाळातील मूठभर तांदूळ

प्रश्न : आम्ही हिंदू आहोत. मुलगी येथील कॅथलिक शाळेत आठवीत शिकते. उपवासकाळात मुलांनी खाऊचे पैसे वाचवावेत, मूठभर तांदूळ आणावेत आणि वृद्धाश्रमात जावे, असे शाळेने सुचवले आहे. हे धर्मशिक्षण ठरते का? तिला पाठवावे का?
– एक पालक, वेंगुर्ला

उत्तर : राखेच्या बुधवारापासून (ॲश वेन्सडे) ईस्टरपर्यंतच्या या ख्रिस्ती उपवासकाळात (लेंट), रविवार वगळता, चाळीस दिवस येतात आणि प्रार्थना, उपवास व दानधर्म ही त्यांची तीन अंगे मानली जातात. भुकेल्याला अन्न देणे म्हणजे मलाच देणे, हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील येशूचे सांगणे या सेवेमागे आहे. म्हणून श्रद्धेचा भाग नाहीच, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य वा अनुदानित शाळेत अल्पवयीन विद्यार्थ्याला धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसवण्यासाठी पालकांची संमती लागते. तेव्हा प्रार्थनेबाबत आपली इच्छा शाळेला लेखी कळवावी.

वृद्धाश्रमात तिने अवश्य जावे. गरिबांची सेवा करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे एक संस्थापक फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सहाध्यायांसह गरिबांच्या घरी जाण्यास आरंभ केला, तेव्हा तेही विशीतील विद्यार्थीच होते. त्यांचा भर वस्तू पोहोचवून परतण्यावर नव्हे, तर प्रत्यक्ष भेटीवर होता. पिशवी देऊन छायाचित्र काढायचे आणि निघायचे, हा प्रकार (दुर्दैवाने तो फार बोकाळला आहे) आम्हाला रुचत नाही. एखाद्या आजीशेजारी बसून तिच्याकडून मालवणी गजाली ऐकाव्यात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. तांदूळ नेण्यापूर्वी मात्र तेथे खरी गरज कशाची आहे, हे विचारून घ्यावे.