स्पॅनिश ‘येगार’ म्हणजे पोहोचणे, रोमानियन ‘प्लेका’ म्हणजे निघणे. मग दोघांचं मूळ एकच कसं?

मूळ एकच आहे: लॅटिन ‘प्लिकारे’, म्हणजे दुमडणे, वाकवणे. माद्रिदच्या विमानतळावर आगमनाच्या पाटीवर ‘येगादास’ असतं आणि बुखारेस्टला प्रस्थानाच्या पाटीवर ‘प्लेकरि’. दोन्ही पाट्या त्याच क्रियापदाच्या.

आधी ध्वनी तपासा. अर्थ फसवतो, ध्वनिबदल सहसा नियमाने चालतो. लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा ‘प्ल’ रोमानियनमध्ये टिकला, इटालियनमध्ये ‘प्य’ झाला, स्पॅनिशमध्ये ‘य’सारखा आणि पोर्तुगीजमध्ये ‘च’ (आजच्या उच्चारात ‘श’). पाऊस घ्या: लॅटिन ‘प्लुव्हिया’, रोमानियन ‘प्लोआये’, इटालियन ‘प्योज्जा’, स्पॅनिश ‘युव्हिया’, पोर्तुगीज ‘शुव्हा’. ‘प्लिकारे’चंही तसंच: इटालियन ‘प्येगारे’ (दुमडणे), पोर्तुगीज ‘शेगार’ (पोहोचणे). मधल्या ‘क’चा ‘ग’ होणंही स्पॅनिशमध्ये नेहमीचं; ‘आमिकुस’चा ‘आमिगो’ झाला तसा.

पोर्तुगीजांचा तो ‘च’ पुढे प्रमाण उच्चारात ‘श’ झाला. पण तो बदल होण्याआधीचा ‘च’ आपल्या तोंडी आजही आहे: लॅटिन ‘क्लाविस’, पोर्तुगीज ‘चावे’, मराठी ‘चावी’. (तिथे ‘क्ल’चाही ‘च’ झाला.)

आता अर्थ. जहाज किनाऱ्याला लावणे याला लॅटिनमध्ये ‘नावेम आप्लिकारे’ म्हणत, त्यावरून ‘पोहोचणे’ सहज येतं. रोमानियनसाठी मात्र सैनिक तंबू दुमडून निघत, अशी गोष्ट सर्रास सांगतात. मला ती अनावश्यक वाटते. चौथ्या शतकातली यात्रेकरू एगेरिया हिच्या प्रवासवर्णनात ‘स्वतःला प्लिकारे’ म्हणजे एखाद्या ठिकाणाकडे वळणे, जवळ जाणे असा वापर आहे, तोही खुष्कीच्या वाटेवर. तिथे ना जहाज, ना तंबू. मराठीत ‘पावलं घराकडे वळली’ म्हणतो, तेव्हा इथून निघणं आणि तिकडे जाणं दोन्ही त्या एका ‘वळली’त असतं. स्पॅनिशने त्यातलं दुसरं टोक धरलं, रोमानियनने पहिलं. शिवाय रोमानियनमध्ये मान झुकवण्यालाही आजवर ‘प्लेका’च म्हणतात, म्हणजे वाकण्याचा जुना अर्थ तिथे जिवंत आहे.

एक खबरदारी: स्पॅनिशमध्ये ‘प्लेगार’ (दुमडणे) आणि ‘आप्लिकार’ (लागू करणे) यांत ‘प्ल’ तसाच दिसतो. ‘आप्लिकार’ नंतर लॅटिन ग्रंथांतून घेतलेला आहे आणि ‘प्लेगार’वरही ग्रांथिक वळणाचा प्रभाव आहे. असे शब्द पाहून वरचा नियम मोडला असं धरू नका.