परसबागेची प्रश्नपेटी: पाऊस वेळेवर येत नाही, मग बी कधी टाकायचं?

यावेळी पत्रं खूप आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच, ताई सगळं नेहमीसारखं केलं तरी बाग गेली. 2025 सालचा पाऊस होताच तसा. मुंबईत मान्सून एरवी 11 जूनच्या आसपास येतो, तो 26 मेलाच येऊन थडकला, मग जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकायचं नाव नाही, सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने जे झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, आणि दिवाळी उलटली तरी पाऊस होताच. ज्यांची शेतं वाहून गेली त्यांच्या दुःखाशी आपल्या कुंड्यांची तुलनाच नाही, पण हाताने लावलेलं रोप सडलं की जीव तुटतोच ना. म्हणून आज फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतेय.

ताई, माझ्या सासूबाई मृग लागला की भेंडी, गवार, दोडका सगळं एकाच दिवशी टाकायच्या, मीही तेच करते. यंदा पाऊस लवकर आला म्हणून मेअखेरीलाच सगळं बी टाकलं, काहीच उगवलं नाही. बोटाने उकरून बघितलं तर बी सडलेलं. आता थंडीच्या भाज्यांचं पण असंच होईल का याची भीती वाटते. (डोंबिवलीहून एक वाचक)

सासूबाईंचं अजिबात चुकत नव्हतं हो. मृग 7-8 जूनला लागतो आणि पाऊसही त्याच सुमाराला यायचा, म्हणून एका दिवसात सगळं पेरलं तरी चालून जायचं. यंदा तो मृगाच्या आधीच्या रोहिणी नक्षत्रातच आला आणि धो धो आला. बी उगवायला जेवढं पाणी लागतं तेवढीच हवाही लागते, कुंडीतली माती दिवसेंदिवस गच्च ओली राहिली की त्यात हवा उरतच नाही आणि बी गुदमरून सडतं. तुमचं बी खराब नव्हतं.

मला आता मनापासून वाटतं की सगळं बी एका दिवशी टाकायची सवय आपण सोडायलाच हवी. पाकिटाचे तीन भाग करा, एक आज टाका, दुसरा दहा-बारा दिवसांनी, तिसरा त्यानंतर तेवढ्याच दिवसांनी. एखादा हप्ता पावसाने नेला तरी दोन उरतात, आणि सगळं चांगलं आलं तर भाजी एकदम न येता पुरवून पुरवून येते, मेथी तर अशीच खावी, कारण एकदम पाच जुड्या तयार झाल्या तर करायचं काय. माझ्याकडे यंदा पहिला हप्ता गेला, दुसरी भेंडी मात्र ऑगस्टभर खाल्ली.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं ग्रिलच्या आत किंवा पत्र्याखाली ट्रेमध्ये करा आणि साधारण महिन्याभराची झाली की मोठ्या कुंडीत हलवा. भेंडी, गवार, दोडका यांना मुळं हललेली आवडत नाहीत, त्यांचं बी कागदी कपात टाका आणि कप खालून फाडून मातीसकट कुंडीत बसवा. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतं, उन्हाळ्यात ते बरं, पावसाळ्यात कमी घाला आणि त्याऐवजी जाडसर वाळू, कंपोस्ट घाला. कुंडीखाली दोन विटा ठेवा म्हणजे भोकं जमिनीला चिकटून बंद होत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीने सुद्धा बरीच रोपं वाचतात.

आता मेथी, पालक, मुळा सुरू करा, जानेवारीपर्यंत थोडं थोडं टाकत राहा. कोथिंबिरीसाठी धने हलक्या हाताने रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबीर आठ-दहा दिवस घेते, कधी जास्तही, तेव्हा घाई करून माती उकरू नका. आणि स्वाती नक्षत्राच्या सरी पडल्या की मोती पिकतात असं म्हणतात ते काळ्या रानातल्या ज्वारीचं, गच्चीतल्या टोमॅटोला त्या पावसात आडोसाच लागतो.

टोमॅटोच्या खालच्या पानांवर तपकिरी गोल डाग पडून पानं पिवळी होतात. जी फळं धरली ती तडकली आणि दोन-तीन खालून काळी पडली. अंड्याची टरफलं घातली, उपयोग नाही. (नाशिकहून)

हे तीन वेगळे त्रास आहेत पण मूळ बरंचसं पाण्यात आहे. डागात गोल गोल वर्तुळं दिसत असतील तर तो करपा. पावसाचे थेंब मातीवर आपटतात, माती उडते आणि तिच्यातली बुरशी खालच्या पानांवर बसते, म्हणून सुरुवात नेहमी खालून. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका, डागाळलेली पानं कंपोस्टात अजिबात नको, आणि मातीवर दोन इंच वाळक्या पानांचा थर द्या. पाणी सकाळी आणि बुडाशी, पानांवर नाही.

फळ तडकतं ते माती आधी कोरडी पडून मग अचानक भरपूर पाणी मिळालं की, आतला गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही. खालून काळं पडणं म्हणजे फळापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही, आणि बऱ्याचदा मातीत ते असतं, पाणी कमी-जास्त झाल्यामुळे झाडाला वर नेता येत नाही. टरफलं मातीत विरघळायला कित्येक महिने लागतात, ती या हंगामाला मदत करणार नाहीत. त्यापेक्षा रोज बोटाची दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. वार ठरवून पाणी घालायचे दिवस गेले, ढगाळ आठवड्यात तीन दिवस लागणार नाही आणि मग एका उन्हात दोनदा द्यावं लागेल.

आमच्या घरामागच्या परसात सप्टेंबरमध्ये दोन दिवस पाणी साचलं होतं, गटाराचं पण त्यात आलं. माती आता दगडासारखी झालीय. पालक आणि चुका उरलाय तो खाल्ला तर चालेल का? (लातूरहून)

नाही, प्लीज तो खाऊ नका. गटाराचं पाणी लागलेली पालेभाजी कितीही धुतली तरी भरवशाची नाही, उपटून टाका. वाईट वाटेल, पण घरात लहान मुलं असतील तर विषयच नको.

मातीबद्दल सांगते. ओली असताना खणायची चूक करू नका, काळी माती तशी खणली की ढेकळं होतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबून गोळा करा, बोटाने टोचल्यावर भुसभुशीत फुटला तर खणायला तयार, चिकटून राहिला तर अजून थांबा. मग पाटीभर कुजलेलं शेणखत मिसळा आणि सपाट वाफ्यांऐवजी आठेक इंच उंचीचे गादीवाफे करा, मध्ये चर ठेवा म्हणजे पुढच्या वेळी पाणी चरातून निघून जाईल. सुरुवातीला पालेभाजी न घेता वेलावर नाहीतर काठीला वर चढणाऱ्या शेंगा घ्या, वाल, घेवडा, त्या मातीला टेकत नाहीत आणि शिजवूनच खाल्ल्या जातात.

ढगाळ हवा आली की मिरचीची पानं आवळतात. दुकानदाराने शेतातलं औषध दिलंय, मारू का? (नागपूरहून)

बाल्कनीत नको, आपण ती मिरची दोन दिवसांनी तोडून खाणार असतो. आधी बघा पानं वळतात कुठे. कडा वरच्या बाजूला वाटीसारख्या वळल्या तर बहुधा फुलकिडे, खाली वळून पान अरुंद झालं तर कोळी कीड. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, फुलकिडे असतील तर बारीक रेषांसारखे पळताना दिसतील. एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने मारा, आठवड्याने परत. मध्ये पाऊस आला तर धुऊन जातं, पुन्हा मारावं लागतं. झाड खुरटून पानांचा नुसता झुपका झाला असेल तर तो बोकड्या, पांढरी माशी त्याचा विषाणू पसरवते आणि त्याला औषध नाही, बाकीच्या झाडांसाठी ते एक झाड काढून टाकावंच लागेल.

दोडक्याला फुलं भरपूर, छोटी दोडकी पण दिसतात, मग पिवळी पडून गळतात. पाऊस रोज संध्याकाळी. (रत्नागिरीहून)

संध्याकाळचा पाऊस, तिथेच सगळं आलं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, नेमका तेव्हाच पाऊस पडला की कीटक फिरकत नाहीत आणि पराग धुऊन जातात. मग ते काम आपण करायचं. नर फुलाचा देठ नुसता सडपातळ असतो, मादी फुलाच्या मागे इवलंसं दोडकं असतं. पाच-सहाच्या सुमाराला पाऊस उघडला की ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा, एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. नंतर पुन्हा पावसाची लक्षणं असतील तर फुलावर कागदाची टोपी घाला आणि सकाळी काढा. दोन-तीन दिवसांत मागचं दोडकं लांबायला लागलं तर जमलं. टोचल्यासारखा डाग दिसून ते वाकडं होत असेल तर मात्र फळमाशी आहे, मग धरलेल्या प्रत्येक दोडक्याला जुन्या मलमलीची पिशवी बांधा.