नव्या इंजिनाचे रनिंग-इन आणि वापरलेल्या गाडीची पारख

नवी गाडी पहिले १००० किलोमीटर हळूच चालवावी का (यालाच रनिंग-इन म्हणतात), आणि पहिल्या मालकाने ते पाळले होते का हे वापरलेल्या गाडीत ओळखता येते का, असे आपण विचारले आहे.

नव्या इंजिनात पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या) सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायच्या असतात आणि त्यासाठी ज्वलनातील वायूंचा दाब लागतो. म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणे टाळावे, पण उंच गिअरमध्ये फार कमी वेगाने इंजिन कण्हत ठेवणेही तितकेच चुकीचे आहे. द्रुतगती मार्गावर तासभर एकाच वेगाने जाण्यापेक्षा वेग कमी-जास्त होणारा प्रवास बरा. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

पहिल्या मालकाने हे पाळले होते का, ते खात्रीने कळत नाही; परिणाम मात्र तपासता येतात. गाडी पाहायला जाताना इंजिन थंडच ठेवण्याची विक्रेत्याला विनंती करावी, कारण आधीच तापवलेले इंजिन बरेच दोष लपवते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका घ्यावी. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या नोंदींवर अधिक भरवसा ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ मध्ये महापूर आला होता. तिकडची त्याआधीची गाडी असल्यास गालिचाखालील गंज आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावरील चिखलाचे डाग अवश्य पाहावेत.