गोळी कानाला चाटून गेली असती तर?

प्रश्न : बाबा जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुन्हा पुन्हा वाचतात. जे घडलंच नाही, त्यात एवढं काय असतं?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : मी तुमच्या बाबांच्या बाजूची! २० मे २०२५ला नारळीकर गेले, त्या रात्री मीही हीच कथा काढून बसले होते. १४ जानेवारी १७६१ला पानिपतच्या लढाईत पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले. कथेत ती गोळी कानाला चाटून जाते आणि मराठे जिंकतात. बदल एवढाच. पुढचं सगळं मात्र तर्काने उभं केलंय, शेवटी पुंजयांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) आधारही दिलाय. नुसता विजयाचा जल्लोष असता तर मी दुसऱ्यांदा वाचली नसती.

आपला भुईकोट किल्लाच घ्या. मे १८१८मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने तो जिंकला. तो टिकला असता तर? उत्तर द्यायचं तर किल्ल्यात फौज किती होती, दुसरा बाजीराव तेव्हा कुठे होता, मदत कुठून आली असती, हे सगळं शोधावं लागतं. न घडलेलं रचताना घडलेलं नीट कळतं, मला हेच फार आवडतं. (हा खेळ बाबांबरोबर किल्ल्याच्या बागेत बसून खेळून बघा.)

आणि त्यांना एक विचारा : १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना नारळीकरांनी कोणतं टोपणनाव घेतलं होतं? नारायण विनायक जगताप. नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये, म्हणून. तरीही पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं!