चहा सांडला, चटका कळलाच नाही

"ताई, मी इंदूरला रामबागेत राहते. वय 36, दोन मुलं. संक्रांत झाल्यावर ब्रेस्ट रिडक्शनचं ऑपरेशन करून घेतलं, त्याला आता आठ आठवडे झाले. परवा हातातला चहा अंगावर सांडला आणि कुर्त्यावरचा डाग दिसला तेव्हा मला ते कळलं. डावं निपल अगदी बधिर आहे. उजवीकडे उलटं, नुसती ओढणी घासली तरी करंट बसतो. आकार चौकोनी, वरून फुगीर नि खालून चपटा. डावी बाजू थोडी मोठी वाटते. टाक्यांच्या रेषा महिन्यापूर्वी होत्या त्याहून लाल झाल्यात. सासूबाई म्हणतात, देवानं दिलेलं कापून आलीस, आता भोग. नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही, तो जवळ आला की झोपेचं सोंग घेते. माझं ऑपरेशन बिघडलं का? आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, जाऊ का?"

अगं, आधी तो चहा. तिथे फोड आलाय का, आरशात नीट पाहिलंस? आला असेल किंवा कातडी पांढरट, ओलसर दिसत असेल तर हे पुढचं नंतर वाच, आधी सर्जनच्या दवाखान्यात फोन लाव. बधिर कातडीचा पहिला धोका हाच, ती ओरडत नाही. पाठ दुखते म्हणून घेतलेली शेकाची पिशवी कुशीवर वळताना छातीखाली येते, किंवा सूज उतरावी म्हणून कुणी फ्रीजरमधला बर्फ आणून देतं, आणि दोन्हींनी कातडी भाजते. छातीला शेक नको, बर्फही नको. आंघोळीचं पाणी मनगटावर घेऊन बघ, लहान बाळाचं बघतो तसं.

आता बिघडलं का, ते. तू लिहिलंयस त्यात मला बिघाड दिसत नाही. मी डॉक्टर नाही आणि तुला पाहिलेलंही नाही, पण आठव्या आठवड्याला हे चित्र बहुतेक जणींचं असतं.

निपलची जाणीव मुख्यतः बरगड्यांमधून येणाऱ्या चौथ्या मज्जातंतूच्या फांद्या वाहून नेतात. त्या बगलेच्या बाजूनं आत शिरतात. जास्तीचं मांस काढताना त्यातल्या काही ताणल्या जातात, काही कापल्याही जातात. मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, तोही आधी थोडे आठवडे गप्प बसून. चार बोटं अंतर कापायला त्याला अडीच महिने लागतात म्हण ना. म्हणून जाणीव परत यायला सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्षही जातं. उजवीकडचा करंट हे बहुधा तंतू जागे होत असल्याचं लक्षण आहे. पाय झोपतो आणि जागा होताना मुंग्या येतात, तसंच, फक्त महिनोन्‌महिने चालणारं. जखमा पूर्ण भरल्या आहेत असं सर्जननं सांगितल्यावर कापसाचा बोळा दिवसातून दोन-तीनदा तिथे हलकेच फिरवायला लाग. तो सहन झाला की मलमल, मग जुना मऊ टॉवेल. कातडीला पुन्हा स्पर्शाची ओळख करून द्यावी लागते.

डावीकडचं मात्र गोड बोलून टाळणार नाही. बहुतेक जणींची जाणीव बरीचशी परत येते, काहींची थोडीच येते, काहींची येतच नाही. आठ आठवड्यांत हे कुणीच सांगू शकत नाही, सर्जनही नाही. माझ्या सिझरला चोवीस वर्षं झाली. टाक्यांच्या वरची बोटभर पट्टी अजून बधिर आहे, साडीची गाठ तिथेच येते आणि मला कळत नाही. सवय झाली. निपल म्हणजे पोटाची पट्टी नव्हे, हे मलाही कळतं.

ऑपरेशनआधी तू सही केलेल्या कागदांत बधिरपणाची ओळ बहुधा असेल. असली तरी सही घेणं आणि समजावणं यात फरक असतो. सातशे टाके घालणाऱ्याला सात मिनिटं समोर बसून बोलता यायला हवं, हे माझं स्पष्ट मत. पुढच्या तपासणीला प्रश्न कागदावर लिहून ने आणि उत्तरं मिळेपर्यंत खुर्ची सोडू नकोस. काढलेलं मांस तपासणीला पाठवलं होतं का, तेही विचार आणि तो रिपोर्ट फाइलला लाव. पुढे कधी मॅमोग्राफी करायची वेळ आली तर हे ऑपरेशन झाल्याचं तिथे आधी सांगायचं.

आकाराचं तेवढं मनावर घेऊ नकोस. आत्ता दिसतोय तो अर्धा सुजेचा आकार. सूज दोन्हीकडे सारखी नसते. मांस हळूहळू खाली उतरतं, खालची ताणलेली कातडी सैल होते आणि मग गोलाई येते. तीन महिन्यांनी बराच फरक दिसेल, खरा आकार सहा महिने ते वर्षभरानं. रोज आरशासमोर उभं राहणं बंद कर. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढ आणि मोबाइलमध्ये कुलूपबंद ठेव. आणि ऑपरेशनआधीही दोन्ही बाजू अगदी सारख्या नव्हत्याच ना? कुणाच्याच नसतात.

रेषांचं लाल होणंही त्यांच्या वेळापत्रकानुसार चाललंय. व्रण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात लाल नि जाड दिसतो, मग वर्ष-दीड वर्षात फिका पडत जातो. आपल्या सावळ्या कातडीवर तो काळपट राहण्याची किंवा केलॉइड, म्हणजे व्रणाची जाड, वाढत जाणारी गाठ, होण्याची शक्यता जरा जास्त. रेषेच्या बाहेर पसरायला लागला, सतत खाजला, तर दाखव. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल कधीपासून लावायचं ते सर्जनला विचार. हळद, कापूर घातलेलं खोबरेल, शेजारच्या काकूंचं मलम, यातलं काही नको.

थांबायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या. एक बाजू अचानक फुगली, लालसर नि गरम झाली, ताप आला, टाक्यांतून पू किंवा घाण वास आला, निपल काळंनिळं पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर सरळ इमर्जन्सी. आत घट्ट गाठ हाताला लागली तरी दाखव. रक्तपुरवठा न मिळालेली चरबी कडक होते, बहुतेकदा तेच असतं, पण ते डॉक्टरनं बघून म्हणायचं.

सासूबाईंना उत्तर द्यायची गरज नाही. खांद्यांत रुतलेले ब्रेसिअरच्या पट्ट्यांचे चर, मे महिन्यात छातीखाली येणारी पुरळ, ते त्यांनी भोगलेलं नाही. फार झालं तर म्हण, "आई, पाठ आता दुखत नाही," आणि भाजीला फोडणी घाल. खरंच दुखत नसेल तर.

नवऱ्याचं मात्र सोंग पुरे. तो काय समजत असेल याचा विचार केलास? एक तर त्याला वाटत असेल आपण नकोसे झालो, नाही तर हात लावला की काही उसवेल अशी भीती. रात्री दिवा घालवून हे बोलणं अवघड, म्हणून दिवसा बोल, मुलं शाळेत असताना. त्याचा हात हातात घे आणि बोटानं दाखव: इथे काही कळत नाही, इथे करंट बसतो, इथे चालतं. पुढच्या महिन्यात हाच नकाशा बदललेला असेल, पुन्हा दाखवायचा. डाव्या बाजूबद्दल वाईट वाटतंय हेही सांग. रडलीस तर रड.

आणि गेर. राजवाड्याच्या त्या गर्दीत या वर्षी नाही. कोपर लागायला क्षण पुरतो, टँकरच्या फवाऱ्याचा मार छातीवर बसतो आणि ताज्या व्रणात रंग गेला तर खाजवत बसशील. टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत कुणा ओळखीच्यांची गच्ची असेलच. तिथून बघ, जुना सैल कुर्ता घालून, आतून मऊ, तारेविना ब्रेसिअर. गुलाल वरपर्यंत येतोच, तेवढा गालावर घे.